आपल्या नळाचं पाणी एवढं वाईट आहे का?

वारजेहून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं त्यांनी कळवलंय. पत्रातला मुख्य भाग असा:

"घरात आम्ही पाच माणसं. मी, हे, नववीतला मुलगा, पाचवीतली मुलगी आणि सासूबाई. सोसायटीला महापालिकेचं पाणी येतं. मार्चनंतर ते पुरत नाही, मग बोअरचं आणि टँकरचं त्यात मिसळतात. आजवर आम्ही पाणी गाळून माठात भरायचो, पावसाळ्यात उकळायचो. गेल्या रविवारी एक मुलगा प्युरिफायर दाखवायला आला. त्याने दोन ग्लास घेतले, एकात आमचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत सळया बुडवून बटण दाबलं. दोन मिनिटांत आमचं पाणी चहासारखं तपकिरी झालं, तळाला गाळ बसला. त्याचं तसंच नितळ राहिलं. तेव्हापासून मुलगा घरचं पाणी पीत नाही, खालच्या दुकानातून बाटल्या आणतो. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत धड. म्हणाल्या, 'म्हणजे मी इतकी वर्षं पोरांना घाण पाजली का?' मशीन १९,५०० रुपयांचं आहे, हप्त्याने देतात, दुसऱ्या वर्षापासून सर्व्हिसचे ४,८०० वेगळे. ह्यांनी जवळपास हो म्हटलंय. तो मुलगा येत्या रविवारी पुन्हा येणार आहे. घ्यावं का?"

ताई, पत्र वाचलं आणि सगळ्यात आधी तुमच्या सासूबाईंसाठी जीव तुटला. म्हणून पहिलं उत्तर त्यांच्यासाठी: आईंनी कुणालाही घाण पाजलेली नाही. ग्लासात दिसला तो गाळ तुमच्या पाण्यातला नव्हता, त्या सळईचा होता.

मी ३१ वर्षं जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासले. हा प्रयोग मी सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पाहिलाय, शाळेच्या पालकसभेत पाहिलाय, एकदा तर हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्येही पाहिला आणि दर वेळी मला संताप आला. त्या यंत्राला सळयांची जोडी असते, एक लोखंडाची आणि एक ॲल्युमिनियमची. पाण्यातून वीज गेली की लोखंडाची सळई विरघळायला लागते. जो तपकिरी, हिरवट थर तुम्ही पाहिला, तो त्या लोखंडाचा गंज. वीज वाहायला पाण्यात थोडे क्षार लागतात. ते आपल्या नळाच्या पाण्यात असतात, विहिरीच्या असतात, झऱ्याच्याही असतात. मशीनच्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले असल्यामुळे त्यातून वीज जवळजवळ जातच नाही. सळई तशीच राहते आणि पाणी नितळ दिसतं. पाणी स्वच्छ की दूषित, याबद्दल हा प्रयोग एक अक्षर सांगत नाही. तुमच्या शेजारी येऊन कुणी तुमच्याच ग्लासात गंज कालवावा आणि म्हणावं, बघा तुम्ही काय पिता, असा हा प्रकार आहे. त्या पोराला हे माहीत असेलच असं नाही. त्याला शिकवलं तसं तो करतो. पण शिकवणाऱ्याला नक्की माहीत असतं.

आता तुमच्या पाण्याकडे वळू. वारज्याला महापालिकेचं पाणी येतं ते खडकवासल्याच्या साखळीतून. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला. सह्याद्रीवर पडलेला पाऊस थेट धरणात साठतो, जमिनीत फार मुरत नाही, त्यामुळे त्यात क्षार कमी. टीडीएस मीटर लावला तर आकडा बहुतेक वेळा शंभराच्या आतबाहेर येतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण, लिटरला किती मिलिग्रॅम ते. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक म्हणजे आयएस १०५००. त्यात टीडीएसची मर्यादा ५०० आहे आणि दुसरं पाणीच मिळत नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावं असं म्हटलंय. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ साली हेच सांगितलं, की ५०० च्या खालच्या पाण्याला आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढून टाकणारं मशीन, नको.

तरी हा आकडा बघून लोक घाबरतात, म्हणून एक सांगते. पाव लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम मीठ टाका, चिमूटभरच होतं ते. टीडीएस २००० झाला. लिंबाचं सरबत आपण असंच पितो. मुलाला जुलाब झाले की जलसंजीवनीचं पाकीट लिटरभर पाण्यात घालतो, त्यात साडेवीस ग्रॅम पावडर असते, त्यातले सुमारे सात ग्रॅम क्षार आणि बाकी ग्लुकोज. तिथे क्षार औषध असतात. नुसता आकडा जास्त म्हणून पाणी विषारी ठरत नाही.

उलट मीटरला जे कळत नाही, ते फार महत्त्वाचं आहे. आरओच्या ग्लासात मुलाला न धुतलेलं बोट बुडवायला सांगा आणि मीटर लावा. आकडा फारसा हलणार नाही. जंतू मीटरला दिसत नाहीत. कावीळ, टायफॉइड, गॅस्ट्रो हे सगळं न दिसणाऱ्या जंतूंमुळे होतं.

तुमच्या नदीच्या पलीकडच्या काठावर काय झालं ते तुम्ही विसरला नसाल. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे रुग्ण एकामागून एक सापडायला लागले. हातापायांतली ताकद जाणारा आजार, काहींना व्हेंटिलेटर लागला. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू मिळाला आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. महापालिकेने त्या भागातले जारचं पाणी विकणारे काही खासगी प्रकल्पसुद्धा बंद केले. जारवाल्यांकडे बहुधा आरओच असतो. पाण्याचे क्षार काढले, पण टाकी, नळी, जार आणि भरणाऱ्याचे हात स्वच्छ नसले तर काय उपयोग? त्या दिवसांत सरकारी दवाखान्यापासून वर्तमानपत्रापर्यंत सगळ्यांनी एकच सांगितलं, पाणी उकळून प्या. म्हणजे तुमच्या आई पावसाळ्यात करतात तेच. फक्त उकळणं म्हणजे कोमट करणं नव्हे. रटरट उकळी फुटली की पुढे एक मिनिट ठेवायचं, मग झाकून गार करायचं. गाळण्याबद्दल मात्र आईंना एक गोष्ट प्रेमाने सांगायला हवी. पंचाच्या चौपदरी कापडाने कचरा आणि गाळ अडतो, जंतू त्यातून आरामात पलीकडे जातात. गाळणं उकळण्याच्या आधीची पायरी आहे, उकळण्याऐवजी नाही.

माझ्याच घरी झालेली गोष्ट सांगते. निवृत्त झाल्यावर मुलाने हौसेने आरओ मशीन बसवलं. पहिलं वर्ष ठीक गेलं. मग सर्व्हिसवाला फोन उचलेना, आला की नुसता फडका मारून सही घेऊन जायचा. एकदा सहज मनात आलं आणि जुन्या ऑफिसातून एच-टू-एसच्या बाटल्या आणल्या. छोटी काचेची बाटली असते, खुणेपर्यंत पाणी भरायचं, बूच लावून उबदार जागी दीड-दोन दिवस ठेवायचं. पाण्यात विष्ठेतले जंतू असले की ते काळं पडतं. एकीत नळाचं पाणी भरलं, दुसरीत मशीनच्या टाकीतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर पाहिलं तर नळाची बाटली होती तशी आणि मशीनची काळीकुट्ट. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते जंतूंना वाढू देत नाही. मशीनमधला कार्बन ते क्लोरीन काढून घेतो. पुढे टाकीत सात-आठ लिटर पाणी तसंच बसून राहतं, गाळण्या बदललेल्या नाहीत, तोटी आतून चिकट झालेली. आम्ही सहा महिने नातवाला तेच पाजत होतो. ती काळी बाटली अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. म्हणून मशीन घेणाऱ्याला मी आधी विचारते, तुमच्या घराजवळ त्याची सर्व्हिस वेळेवर देणारा माणूस आहे का?

आणि पाणी वाया जातं ते वेगळंच. घरगुती आरओ साधारण एक लिटर देताना तीन लिटर बाहेर टाकतो. पाच माणसांचं पिणं आणि स्वयंपाक धरून दिवसाला २० लिटर लागत असेल, तर ६० लिटर मोरीत. वर्षाला जवळपास २२ हजार लिटर, म्हणजे दहा हजारी दोन टँकर. तुमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस ८० धरा. त्या फेकलेल्या पाण्याचा भरेल शंभराच्या थोडा वर. म्हणजे मानकाप्रमाणे ज्या पाण्यात क्षारांचा काहीच दोष नाही, ते तुम्ही गटारात सोडताय आणि उन्हाळ्यात टँकर मागवताय. इतकं करून मशीन कॅल्शियम, मॅग्नेशियम काढून टाकतं आणि चव फिकी होते म्हणून 'मिनरल'ची वेगळी कार्ट्रिज विकतात, नाहीतर टीडीएस कंट्रोलरने आरओतून न गेलेलं पाणी पुन्हा मिसळतात. आधी काढायचं आणि मग घालायचं, दोन्हींचे पैसे तुम्ही द्यायचे.

सगळीकडे हेच उत्तर लागू नाही, हेही सांगायला हवं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. मानकाची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, फार तर दीड. त्याच्या वर गेलं की मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडं धरतात. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटल्यामुळे उलट वाढतं. तिथे आरओ किंवा फ्लोराइड काढणारी दुसरी व्यवस्था लागतेच. तिथल्या वाचकांनी हे उत्तर वाचून मशीन बंद करू नये.

तुमच्याकडे प्रश्न उरतो तो मार्च ते जूनचा. बोअरचं पाणी दख्खनच्या काळ्या दगडातून झिरपलेलं, त्यात क्षार जास्त. मीटर सहज पाचशे ते हजार दाखवतो. पण मीटर नसला तरी तुमच्या आईंना ते कळत असणार, विचारून बघा. पाणी जड झालं की तूरडाळ शिजत नाही, चार शिट्ट्या जास्त लागतात. साबणाला फेस येत नाही. चहावर तवंग येतो, पातेल्याच्या बुडाला पांढरी पुटं धरतात, पाणी मचूळ लागतं. आपल्या आज्या नवीन विहिरीचं पाणी बघायला डाळ टाकून बघायच्या, आणि त्यामागे पक्कं शास्त्र आहे. पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना घट्ट धरून ठेवतं, ती मऊ पडत नाही. मीटर जे पडद्यावर दाखवतो, तेच कुकर सांगतो. मी प्रयोगशाळेत असताना गावातल्या बायकांना आधी हेच विचारायचे, "डाळ शिजते का?" आणि नमुन्याचा निकाल बहुतेक वेळा त्यांच्या उत्तराशी जुळायचा.

मग करायचं काय?

सुरुवात गच्चीवरून करा. महापालिकेचं पाणी जलशुद्धीकरण केंद्रातून क्लोरीन घालून निघतं. तुमच्या नळापर्यंत येताना ते आधी सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत उतरतं, मग गच्चीवर चढतं. बिघाड बहुतेक इथेच होतो. खालच्या टाकीशेजारी ड्रेनेजचं चेंबर आहे का, टाकीचं झाकण घट्ट बसतं का, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी आहे का, वर कबुतरं बसतात का, शेवटची सफाई कधी झाली, हे सेक्रेटरींना विचारा. वर्षातून निदान दोनदा टाक्या धुतल्या पाहिजेत, त्यातली एक खेप पावसाळ्याआधी. ३०-४० घरांनी प्रत्येकी वीस हजारांचं मशीन घ्यायचं आणि टाकीच्या सफाईला वर्गणी काढताना कुरकुर करायची, हे मी इतक्या सोसायट्यांत पाहिलंय की आता त्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

क्लोरीन आहे का ते बघायला ओटी टेस्ट असते. गावात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ती रोज करतो. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला की क्लोरीन आहे, आणि रंगाच्या तक्त्याशी ताडून किती ते कळतं. नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम असावं. रंगच आला नाही तर टाकीत किंवा वाटेत काहीतरी बिघडलंय. तपासलेलं पाणी पिऊ नका, ओतून द्या आणि नळी धुवा, ते औषध पोटात जायला नको. बोअरचं आणि टँकरचं पाणी मात्र एकदा नीट तपासून घ्या. पुण्यात राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्याही प्रयोगशाळा आहेत. एकट्या घराने धावपळ करण्यापेक्षा सोसायटीच्या नावाने नमुने द्या. जंतूंसाठीचा नमुना त्यांच्याच निर्जंतुक बाटलीत घ्यायचा असतो, घरातली पाण्याची बाटली नेऊ नका.

मशीन घ्यायचंच असेल, तर तुमच्या घराला यूव्ही आणि यूएफ असलेलं साधं मशीन पुरेल. यूव्हीचा दिवा जंतू मारतो, यूएफची बारीक जाळी गाळ आणि जिवाणू अडवते, क्षार पाण्यात राहतात आणि पाणी वाया जात नाही. किंमतही बऱ्यापैकी कमी. पाणी गढूळ असलं की यूव्हीचे किरण आरपार पोचत नाहीत, म्हणून आधीची गाळणी वेळेवर बदला. दिवा साधारण वर्षाने बदलावा लागतो, पेटलेला दिसतो म्हणून ठेवून देऊ नका. मोठी टाकी असलेलं घेण्यापेक्षा लागेल तेव्हा ताजं पाणी देणारं घ्या. उन्हाळ्यात बोअरचा आकडा पाचशेच्या फार वर जात असेल, तर सोसायटीत आग्रह धरा की पिण्याच्या नळाला फक्त पालिकेचं पाणी यावं, बोअरचं फ्लशला आणि गाड्या धुवायला. अनेक सोसायट्यांनी वेगळी लाइन टाकून हे केलंय. ते होईपर्यंत पालिकेचं पाणी येतं त्या वेळात पिण्यापुरतं भरून ठेवा आणि उकळा. पाच माणसांना प्यायला बारा-पंधरा लिटर पुरे होतं.

माठ काढू नका. माठातलं पाणी जंतुमुक्त होत नाही, पण नीट वापरला तर तो बिघडवतही नाही. मुलं ग्लास धरलेला हात मनगटापर्यंत बुडवतात, खरी गडबड तिथे आहे. तोटीचा माठ आणा, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. आठवड्यातून एकदा आतून नुसत्या पाण्याने आणि काथ्याने घासा.

मुलाचं काय करायचं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याला रागावू नका. त्याने डोळ्यांनी पाहिलं ते त्याला खरं वाटलं, यात त्याची चूक नाही. चारपाचशे रुपयांत टीडीएस मीटर मिळतो, तो त्याच्या हातात द्या. नळाचं, बोअरचं, टँकरचं, दुकानातल्या बाटलीचं आणि चिमूटभर मिठाचं, सगळ्यांचे आकडे वहीत लिहू दे. न धुतलेल्या बोटाचा प्रयोग करू दे. मग आजीबरोबर दोन कुकर लावू दे, एकात पालिकेचं पाणी, एकात बोअरचं, डाळ तीच आणि शिट्ट्या तितक्याच. दोन्ही पातेल्यांतली डाळ बोटाने चेपून बघायची.

रविवारी तो विक्रेता आला की त्याला आत बसवा, पाणी द्या, घरचंच. यजमानांना आणि मुलांना समोर बसवा, आईंनाही बोलवा. त्याला म्हणा, तुझं मशीनचं पाणी ग्लासात घे, तुझ्याच सळया लाव. पाणी नितळ राहील. मग यंत्र बंद करायला लावा, सळया बाहेर काढायला सांगा आणि आईंच्या हाताने त्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाका. ढवळा. पुन्हा सळया घालून बटण दाबायला सांगा. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका, नुसतं त्या ग्लासाकडे बघा.